मर्यादित खर्चात घरी जोडायचा गेमिंग संगणक : ही यादी योग्य आहे का?

नवजोडारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षे एकाच लॅपटॉपवर काम आणि खेळ दोन्ही भागवत आलो आहे. आता खेळ सुरू केला की त्याचा पंखा इतका ओरडतो की हेडफोन लावूनही ऐकू येतो. म्हणून सुटे भाग घेऊन स्वतःच्या हाताने संगणक जोडायचे ठरवले आहे. बजेट बेताचे आहे आणि ताणण्यासारखे नाही. मॉनिटर मागच्याच वर्षी घेतला आहे (१०८०पी, १४४ हर्ट्‌झ), त्यामुळे तो खर्च धरलेला नाही.

बरेच वाचून जी यादी केली आहे ती अशी: प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, कारण त्यात ग्राफिक्स आतच आहे आणि उद्या कार्ड बिघडले तरी संगणक बंद पडणार नाही, मदरबोर्ड ए५२० चिपसेटचा, सर्वांत स्वस्त म्हणून, रॅम १६ जीबीची एकच पट्टी, म्हणजे पुढे दुसरी टाकता येईल, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, आणि कॅबिनेटसोबतच ५०० वॉटचा पॉवर सप्लाय मिळतो आहे तो.

या यादीत काही चुकते आहे का, आणि चुकत असेल तर याच पैशांत काय बदलावे, एवढेच विचारायचे आहे.

वाचनमात्र

जागा धरून बसतो. हाच प्रश्न वर्षभर माझ्या मनात होता, विचारण्याचे धाडस मात्र तुम्ही केलेत.

कळफलक

नवजोडारी, तुमच्या यादीतला एकेक भाग सुटा पाहिला तर त्यात टाकाऊ असे फारसे नाही. अडचण ते एकत्र आल्यावर सुरू होते, आणि ती कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते.

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमध्ये बसते. त्या स्लॉटमध्ये माहितीच्या ये-जा करण्यासाठी सोळा मार्गिका असतात, पण कार्डाने त्या सगळ्या वापरल्याच पाहिजेत असे नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चे कार्ड त्यांतल्या फक्त चार वापरते. ती कसर भरून निघते ती पीसीआयई ४.० (या स्लॉटच्या जोडणीची पिढी) मुळे, कारण त्यात प्रत्येक मार्गिकेचा वेग ३.० च्या दुप्पट असतो. चार मार्गिका मिळून सेकंदाला साधारण ८ जीबी. आता तुमचा प्रोसेसर पाहा. ५६००जी फक्त पीसीआयई ३.० देतो. ए५२० बोर्डही ३.० च्या पुढे जात नाही. म्हणजे कार्ड चार मार्गिकांवर आणि प्रत्येक मार्गिका अर्ध्या वेगाने, एकूण सेकंदाला जेमतेम ४ जीबी.

एरवी हे फारसे जाणवलेही नसते, पण या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच आहे. आजचे मोठे खेळ १०८०पीवर मध्यम टेक्स्चर ठेवले तरी तेवढ्यात मावत नाहीत. जे मावत नाही ते संगणकाच्या रॅममध्ये ठेवले जाते आणि हवे तेव्हा याच चिंचोळ्या वाटेने ओढून आणले जाते. खेळ चालत असतो, सेकंदाला किती चित्रे (फ्रेम्स) दिसतात तो आकडाही बरा असतो, आणि एखाद्या दारातून आत शिरताना चित्र क्षणभर गोठते. ते गोठणे याच ओढाताणीचे असते.

तीन ठिकाणी थोडे थोडे वाचवलेत आणि तिन्ही बचती एकाच जागी येऊन आदळल्या आहेत. आणखी एक: त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही. खेळताना रेकॉर्डिंग करायचे असेल तर तो भारही प्रोसेसरवरच पडेल.

नवजोडारी

कळफलक, दोन आठवडे व्हिडिओ पाहूनही हे तीन धागे मी जुळवले नव्हते. मग प्रोसेसर बदलू, बोर्ड बदलू की कार्ड?

सावकाश

मी वेगळे मत मांडतो. तूर्त कार्ड घेऊच नका.

५६००जी मधले अंगभूत ग्राफिक्स अगदीच दुबळे नाही. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ, पाचसहा वर्षांपूर्वीचे बरेचसे खेळ, लहान निर्मात्यांचे द्विमितीय खेळ हे सगळे सेटिंग उतरवून नीट चालते. मी स्वतः अशाच संगणकावर चौदा महिने काढले आणि त्या काळात कार्डासाठी पैसे बाजूला टाकत गेलो. अर्धवट पैशांत दुबळे कार्ड घेऊन वर्षभरात ते विकण्यापेक्षा हे शहाणपणाचे वाटते.

एक अट मात्र पाळावी लागेल. रॅमची एकच पट्टी घेऊ नका. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाचीच रॅम वापरते, आणि एका पट्टीवर त्या रॅमचा वेग निम्मा होतो. माझ्याकडे आधी ८ जीबीची एकच पट्टी होती. त्याच जातीची दुसरी टाकली, तेव्हा बाकी काहीही न बदलता तोच खेळ अडखळण्याऐवजी खेळण्याजोगा झाला.

कळफलक

सावकाश, अंगभूत ग्राफिक्सवरच थांबायचे असेल तर तुमचे म्हणणे मान्य आहे. पण पुढे कार्ड लावायचेच आहे असे आधीच ठरलेले असेल, तर ५६००जी हा चुकीचा पाया ठरतो. नावात एका अक्षराचा फरक दिसतो, पण ५६०० आणि ५६००जी आतून वेगळे आहेत. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, पण ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, ५६००जी मध्ये १६. खेळांना ही कॅश फार मानवते, त्यामुळे तेच कार्ड दोन्हींवर लावले तर ५६०० पुढे राहतो आणि वर पीसीआयई ४.० ही देतो. दोन्हींत गाभे सहा आणि थ्रेड बारा, म्हणून लोक ते सारखेच समजतात.

आजच कार्ड घेणार असाल तर ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ. वर्षभर कार्डाविना काढणार असाल तर ५६००जी. दोन्ही एकदम करायला जाऊ नये.

सावकाश

वर्षभराने कार्ड लावल्यावर पाचदहा फ्रेम्स कमी मिळाल्या, तरी वर्षभर खेळायला तर मिळाले! तुमच्या हिशेबात वाट पाहण्याची किंमत धरलेलीच नाही.

वाचनमात्र

त्यांनी ती धरली नाही आणि मी वर्षभर तीच मोजतो आहे.

तांबडी_तार

प्रोसेसरवरचा वाद चालू द्या. मला शेवटच्या ओळीने अस्वस्थ केले: "कॅबिनेटसोबतच मिळतो आहे तो."

माझ्या पहिल्या संगणकात असाच एक होता. बाहेर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट. वर्षभराने एका संध्याकाळी खेळ चालू असताना "टप्" असा बारीक आवाज झाला, पडदा काळा पडला आणि जळक्या मेणासारखा वास सुटला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. नंतर त्याच्या कुशीवरचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिले होते १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या तारेतूनच घेतात. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली होती. खोटे काही लिहिलेले नव्हते, वाचणारा आंधळा होता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की तक्त्यात १२ व्होल्टचे अँपिअर पाहायचे, बाराने गुणायचे, आणि तो आकडा छापलेल्या एकूण वॉटच्या जवळपास नसेल तर ती वस्तू खाली ठेवायची.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड वगैरे शिक्क्यांबद्दलही एक गैरसमज आहे. तो शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती उपयोगी पडते आणि किती उष्णतेत जाते एवढेच तो सांगतो. शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडण्याची सोय आहे का, व्होल्टेज किती स्थिर राहते, आतले कपॅसिटर कसे आहेत, याबद्दल तो मौन बाळगतो. त्यासाठी ज्या मॉडेलचे आतून उघडून केलेले परीक्षण उपलब्ध आहे तेच घ्यावे.

वॉट फार लागत नाहीत. ५६०० भरात आला तरी ७६ वॉटच्या आसपास थांबतो. आरएक्स ६६०० सारखे कार्ड १३२ वॉटचे आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना ५० धरा. अडीचशेच्या थोडे वर. चांगला ५५० वॉटचा सप्लाय यात कधी घामही गाळणार नाही.

ओवी

तांबडी_तार यांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच, की मॉड्युलर (तारा सुट्या निघणारा) सप्लाय घेतल्यास एका सप्लायच्या तारा दुसऱ्याला लावू नयेत. कार्डाकडचे टोक प्रमाणित असते, सप्लायकडचे नसते. खाच जुळते, तार बसते, आणि भलत्याच पिनेवर १२ व्होल्ट येतात.

पण मला मूळ प्रश्नच अपुरा वाटतो. नवजोडारी, तुम्ही खेळणार काय, हे कुणीच विचारलेले नाही. शहरे वसवण्याचे आणि मोठ्या सैन्यांचे खेळ प्रोसेसरला दमवतात. दृश्यांची श्रीमंती असलेले कथाप्रधान खेळ कार्डाला दमवतात. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर खऱ्या अर्थाने वापरायचा तर प्रत्येक चित्र ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवे. ६० हर्ट्‌झला १६.७ मिळतात. इतक्या कमी वेळात प्रोसेसरही तितकाच महत्त्वाचा होतो, कारण पुढच्या चित्रात कोण कुठे आहे हे आधी त्यालाच ठरवायचे असते.

सध्याच्या लॅपटॉपवरही एक प्रयोग करता येईल. आवडता खेळ लावा, रिझोल्यूशन एकदम उतरवा आणि फ्रेम्स पाहा. आकडा झपाट्याने वाढला तर कार्ड दमले होते. ढिम्म हलला नाही तर प्रोसेसर.

नवजोडारी

ओवी, प्रयोग करून पाहिला. मित्रांसोबत खेळतो त्या नेमबाजीच्या खेळात फ्रेम्स जवळपास दुप्पट झाल्या. शहर वसवण्याच्या खेळात मात्र लोकसंख्या वाढल्यावर काहीही केले तरी आकडा तोच राहिला. माझा वेळ या दोन खेळांत निम्मा-निम्मा जातो. मोठा कथाप्रधान खेळ वर्षातून एखादा, तोही जुना झाल्यावर सवलतीत घेतलेला.

ओवी

मग तुम्हाला प्रोसेसर दुबळा चालणार नाही. आधी मी आय३-१२१००एफ सुचवणार होते, कारण चारच गाभे असूनही तो खेळांत चांगलाच तडफदार आहे आणि स्वस्तही आहे. पण शहर वसवणाऱ्याने सहा गाभ्यांखाली उतरू नये असे माझे मत आहे. त्यामुळे ५६०० किंवा १२४००एफ, जो तुमच्याकडे बोर्डासकट स्वस्त पडेल तो. बोर्डासकट हे महत्त्वाचे. नुसता प्रोसेसर स्वस्त पाहून लोक फसतात.

रात्रपाळी

कार्डाचे मी सांगतो. गेल्या सहा वर्षांत मी एकही नवे कार्ड घेतलेले नाही आणि पश्चात्तापही झालेला नाही, एक प्रसंग सोडून; तो पुढे सांगतो.

इथेरियम या आभासी चलनाचे खनन १५ सप्टेंबर २०२२ ला कार्डांवरून बंद झाले आणि सेकंडहँड बाजारात कार्डांचा पूर आला. लोक अजूनही "खननात वापरलेले नको" म्हणून नाक मुरडतात. चिपला त्याने फारसे काही होत नाही, कारण ती एकसारख्या तापमानात आणि बहुधा कमी व्होल्टेजवर चाललेली असते. झिजतात ते पंख्यांचे बेअरिंग, वाळते ती थर्मल पेस्ट, आणि मेमरीवरचे पॅड. पंखा बदलता येतो. मेमरी चिप बिघडली तर मात्र घरी काही करता येत नाही.

म्हणून विकणाऱ्यासमोर बसून अर्धा तास भार टाकावा. रंगीत ठिपके, चौकटी किंवा पट्टे दिसले तर उठून यावे. पंखे हाताने फिरवून पाहावेत. डुगडुग वा खरखर चालणार नाही. तापमानात नुसता सरासरी आकडा न पाहता हॉटस्पॉटही (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) पाहावा, दोन्हींत फार मोठी तफावत असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

आता तो प्रसंग. एक कार्ड मी दहा मिनिटे तपासून घेतले, कारण विकणारा घाईत होता आणि मलाही लाज वाटली. घरी अकराव्या मिनिटाला पडदा हिरवा झाला. तेव्हापासून लाज बाळगत नाही.

तुमच्यासाठी आरएक्स ६६०० पाहा. ८ जीबी, आठ मार्गिका, वीज कमी. किंवा आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे रूप, जे १७० वॉट घेते, पण त्यात डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून फ्रेम्स वाढवणारी सोय) मिळते. फार जुने शक्तिमान कार्ड स्वस्तात दिसले तरी घेऊ नका. २०२४ च्या अखेरीपासून काही मोठे खेळ असे आले आहेत की कार्डात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे) हार्डवेअर नसेल तर ते सुरूच होत नाहीत.

कळफलक

रात्रपाळी यांनी दिलेली दोन्ही नावे योग्य आहेत. इंटेलच्या आर्क कार्डांचा मोह होईल म्हणून सांगतो: ए७५० ला बोर्डात रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणे जवळजवळ अनिवार्य आहे, आणि बी५८० हे १२ जीबीचे कार्ड स्वतः चांगले असले तरी जुन्या किंवा साध्या प्रोसेसरवर त्याची कामगिरी अपेक्षेपेक्षा खाली येते. ओवी यांच्या प्रयोगात तुमचा निम्मा वेळ प्रोसेसरवर अडलेला निघाला आहे. तेव्हा ते तुमच्यासाठी नाही.

मोजमाप

सगळे एएम४ वर, म्हणजे ५६०० ज्यात बसतो त्या सॉकेटवर, का अडून बसले आहेत? तो सॉकेट आला त्याला किती वर्षे झाली! एएम५ २०२२ मध्ये आला, एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत त्याला साथ देण्याचे जाहीर केले आहे. आज त्यावरचा ७६०० प्रोसेसर घेतला तर चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागेल. एएम४ घेणारा माणूस बंद होणाऱ्या गल्लीत घर बांधतो आहे.

ओवी

मोजमाप, दोन वर्षांपूर्वी मीही हेच लिहिले असते. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांची मागणी वाढल्यावर रॅमच्या किमती ज्या वेगाने चढल्या त्यानंतर हा हिशेब बदलला आहे. डीडीआर४ ही महागली, पण ती सेकंडहँड मिळते, मित्राच्या जुन्या संगणकातून निघते, आणि रॅम हा असा भाग आहे की चालते की नाही हे एका रात्रीच्या चाचणीत कळते.

शिवाय मर्यादित बजेटवाला माणूस चार वर्षांनी प्रोसेसर बदलतो का, हाही प्रश्न आहे. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक सहा-सात वर्षे तोच वापरतात आणि मग बोर्डासकट सगळे बदलतात.

मोजमाप

रॅमचा मुद्दा मान्य. गल्लीचा मागे घेत नाही.

सावकाश

बंद गल्लीत रहदारी कमी असते, हाही एक फायदा.

नवजोडारी

रॅमबद्दल नेमके विचारतो. १६ जीबीची एक पट्टी घेतली तर पुढे दुसरी टाकून ३२ होतील; ८ च्या दोन घेतल्या आणि बोर्डावर दोनच स्लॉट असतील तर वाढवायची वेळ आल्यावर दोन्ही काढाव्या लागतील. तरीही दोनच घ्याव्यात का?

कळफलक

हो. वेगळ्या वेळी घेतलेली दुसरी पट्टी पहिलीशी जुळेलच याची खात्री नसते, आणि "पुढे टाकू" म्हणणाऱ्यांपैकी किती जण खरोखर टाकतात ते आपण जाणतोच. स्वतंत्र कार्ड लावल्यावर फरक सावकाश यांच्याइतका मोठा पडणार नाही, पण तुमच्यासारख्या प्रोसेसर दमवणाऱ्याला तो जाणवेल. बोर्डावर चार स्लॉट असले तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पट्ट्या बसवा.

३२०० वेगाच्या पट्ट्या घेतल्या तरी बऱ्याचशा पहिल्यांदा २१३३ किंवा २६६६ वर चालू होतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी प्रोफाइल (रॅमच्या छापील वेगाची तयार सेटिंग) निवडावे लागते. कित्येक लोक वर्षानुवर्षे विकत घेतलेला वेग न वापरता बसतात.

रात्रपाळी

बोर्ड घेताना एक काळजी घ्या. चिपसेट बी४५० असो की बी५५०, फार दिवस गोदामात पडलेला नग असेल तर त्याच्या जुन्या बायोसला ५६०० ओळखू येणार नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घेतला तर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून अद्ययावत करता येतो. बी४५० पीसीआयई ३.० च देतो. मात्र आठ मार्गिकांच्या ८ जीबी कार्डाला त्याने फार नुकसान होत नाही.

वाचनमात्र

एसएसडीबद्दल कुणीच बोलले नाही. सेकंदाला ७००० एमबी वेगाची घेतली तर खेळ दुप्पट लवकर उघडेल का?

ओवी

नाही. खेळ उघडण्याचा बराच वेळ माहिती उलगडण्यात जातो, त्यामुळे साधी साटा एसएसडी आणि महागडी एनव्हीएमई यांत बहुतेक खेळांत थोड्या सेकंदांचाच फरक पडतो. वेगापेक्षा जागा घ्या. ५१२ जीबी तीन-चार मोठ्या खेळांत भरेल. १ टीबी, शक्यतो टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी). क्यूएलसी (चार बिटांच्या) प्रकारातली मोठी फाइल उतरवताना मध्येच मंदावते.

थंडगार

उशिरा आलो. सगळ्यांनी भाग निवडून दिले, कॅबिनेटचे कुणी नाव काढले नाही, म्हणून मी काढतो.

पुढे पूर्ण काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे असलेली पेटी दिसते सुंदर, पण ते पंखे काचेतून हवा ओढू शकत नाहीत. पुढे जाळी, दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यात तुमचा संगणक गार राहील. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की धूळ फटींतून न शिरता जाळीतूनच येते, आणि जाळी धुता येते.

जोडणीबद्दल एक प्रसंग, जो बहुतेक मार्गदर्शिकांत उडत उडत येतो. ५६०० सोबत येणारा कूलर स्क्रूने बसतो, पण एएम४ बोर्डावर आधीच प्लास्टिकच्या दोन पट्ट्या लावलेल्या असतात. त्या काढाव्या लागतात. बोर्ड उभा असताना मी त्यांचे चार स्क्रू काढले आणि मागची धातूची चौकट खण्‌कन खाली पडली, कारण तिला त्याच स्क्रूंनी धरून ठेवलेले असते. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवलेला होता. सगळे पुन्हा बाहेर काढावे लागले. म्हणून कूलर आधी, बोर्ड टेबलावर आडवा असतानाच बसवा. पेस्ट त्याला लावूनच येते, वेगळी लावू नका.

आणि पुढे कधी हा कूलर काढायचा झाला तर संगणक पंधरा मिनिटे चालवून गरम करा, मग डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधूनही उपटून येतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. यांत्रिक पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने एक एक पीन सरळ करत बसलेला माणूस मी पाहिला आहे, आरशात.

मोजमाप

थंडगार, रंगीत दिव्यांनी फ्रेम्स वाढतात हे आपण अमान्य करता का?

थंडगार

लाल रंगाने वाढतात. निळ्याने तापमान उतरते.

नवजोडारी

सर्वांचे मनापासून आभार. यादी आता अशी ठरली: रायझन ५ ५६००, फ्लॅशबॅक असलेला बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन ३२०० पट्ट्या (सेकंडहँड), आरएक्स ६६०० (सेकंडहँड, अर्धा तास तपासून), १ टीबी टीएलसी एसएसडी, तक्ता वाचून घेतलेला ५५० वॉटचा सप्लाय, आणि जाळीचे साधे कॅबिनेट. बोर्डावर थोडे जास्त गेले, ते कॅबिनेटच्या काचेत आणि सेकंडहँड रॅममध्ये भरून निघाले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे सरळ ११ टाकणार आहे.

सावकाश, तुमचा सल्ला मानला नाही, पण पट्ट्या दोन घेतल्या त्या तुमच्यामुळेच.

सावकाश

तेवढेही पुरे आहे.

नवजोडारी

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. काल रात्री जोडणी पूर्ण झाली. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर मात्र "सिग्नल नाही". दीड तास झाला. रॅम काढून घालून पाहिली, कार्ड काढून घालून पाहिले, पॉवरच्या तारा तपासल्या. आता काय करू?

तांबडी_तार

मॉनिटरची तार कुठे लावली आहे? बोर्डाच्या मागच्या खाचेत की कार्डाच्या?

नवजोडारी

बोर्डाच्या.

कळले. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. यावर धाग्यात दोन पाने चर्चा झाली होती आणि ती माझ्याच प्रश्नावरून झाली होती. तार कार्डाला लावली, पडदा उजळला.

वाचनमात्र

हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे, कारण पुढच्या महिन्यात मीही हेच करणार.

ओवी

अभिनंदन! आता एक्सएमपी चालू करा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहा. नवा मॉनिटर जोडला की बऱ्याचदा तो ६० वरच राहतो.

नवजोडारी

६० वरच होता. १४४ केला. नुसता माउसचा बाण हलवतानाही फरक दिसतो आहे. रॅम २६६६ वर होती, ती ३२०० वर आणली.

नेमबाजीचा खेळ मध्यम सेटिंगवर १४४ च्या आसपास राहतो. शहरात लोकसंख्या वाढली की अजूनही मंदावतो, पण लॅपटॉपवर जिथे मी खेळ बंद करत असे तिथे आता रस्ते आखत बसतो.

एका गोष्टीने मात्र झोप उडाली आहे. कळफलक यांच्या पहिल्या प्रतिसादामुळे कार्डाचा पीसीआयई वेग जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) मध्ये पाहिला. ४.० असायला हवा होता. तिथे १.१ लिहिले आहे. बोर्ड खराब निघाला की कार्ड?

कळफलक

दोन्ही ठीक असावेत. काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड स्वतःच वेग उतरवते. त्या आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह आहे, त्यावर टिचकी मारून छोटी चाचणी सुरू करा आणि मग पाहा.

नवजोडारी

चाचणी सुरू करताच ४.० झाला. बंद केल्यावर पुन्हा १.१. चार वेळा करून पाहिले.